सासू, भुवई आणि जातं

दरवर्षी आपल्या अंकाच्या मराठी विभागात पावसावर दोन कविता, 'ती'च्यावर तीन आणि 'मैत्री म्हणजे नक्की काय असतं' यावर एक लेख असतो. यंदा जरा चव बदलावी म्हणून मी जात्यावर लिहितोय. तेही आपल्या जात्यावर नव्हे, स्लाव लोकांच्या! घाबरू नका, यात इंटिग्रेशन नाही. थोडं मॅपिंग आहे, पण ते बारावीचं आहे.

झालं असं, की इरोडोव्हची फिजिक्सची गणितं सोडवताना (म्हणजे न सुटताना) पहिल्या पानावरचं 'मीर पब्लिशर्स, मॉस्को' इतक्या वेळा वाचलं गेलं की शेवटी रशियन लिपीच शिकायला घेतली. दोन रविवारांत लिपी आली. मग लायब्ररीच्या शेवटच्या कपाटातला, कुणीही इश्यू न केलेला रशियन शब्दकोश काढला आणि घरातल्या वस्तूंची नावं शोधत बसलो. तिथे 'झ्योर्नव' हा शब्द भेटला. अर्थ : जात्याची तळी. यातला झ आपल्या 'झाडा'तला नाही, 'टेलिव्हिजन'मधल्या ज सारखा घासून म्हणायचा. पुढे जिथे जिथे झ येईल तिथे हाच समजा.

हा शब्द एकट्या रशियनांचा नाही. पोलिशमध्ये 'झार्ना', चेकमध्ये 'झेर्नोव', क्रोएशियनमध्ये 'झ्रवान्य', स्लोव्हेनियनमध्ये 'झ्रनेव'. ही सगळी भावंडं आहेत हे उघड दिसतं. भावंडं म्हटली की आई आली. ती आई म्हणजे आद्य-स्लाव्हिक, साधारण इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकाच्या मध्यावर बोलली जाणारी भाषा. पंचाईत अशी, की त्या भाषेत कुणी एक ओळही लिहून ठेवलेली नाही. स्लाव लोकांचं लिखाण सुरू होतं ते सिरिल आणि मेथोडियस हे दोन भाऊ इ.स. ८६३ मध्ये मोराव्हियात धर्मप्रसाराला गेले तेव्हापासून. त्यामुळे आद्य-स्लाव्हिक शब्द लेकींच्या चेहऱ्यांवरून आईचं चित्र काढावं तसे मांडून दाखवावे लागतात, आणि 'हे आम्ही मांडलेलं आहे, कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही' एवढं सांगायला शब्दाच्या डोक्यावर एक चांदणी लावतात. आपल्या जात्याचं तसं रूप आहे *झिर्नी. यातला 'झि'चा इ अगदी ओझरता, आणि शेवटचा ई हा खरं तर ई आणि ऊ यांच्या मधला, घशातून येणारा स्वर. देवनागरीत तो नीट बसत नाही, क्षमस्व.

आता या *झिर्नीचे लांबचे नातेवाईक बघा. लिथुआनियनमध्ये हातजात्याला 'गिर्नोस' म्हणतात. लाटव्हियनमध्ये 'जिर्नावास' म्हणजे गिरणी, आणि गंमत म्हणजे त्यातला ज बरोबर आपल्या 'जातं'मधला, दातांवरचा ज आहे. रीगा शहरात जिर्नावू नावाचा रस्ताच आहे. इंग्रजीत जात्याला 'क्वर्न' म्हणतात. चौथ्या शतकातल्या गॉथिक बायबलात गाढवानं ओढायच्या जात्याला 'आसिलुक्वेर्नुस' हा शब्द आहे. जुन्या आयरिशमध्ये 'ब्रो', आर्मेनियनमध्ये 'येर्कान'. आणि संस्कृतमध्ये? ग्रावन्. सोमवल्ली ठेचायचा दगड.

हे सगळं मी माझ्या रूम पार्टनरला उत्साहानं सांगितलं. तो म्हणाला, "झिर्नी, क्वर्न, ब्रो, ग्रावन् यांच्यात एक र सोडला तर काय कॉमन आहे? असं तर मी पण जोडून दाखवतो. बॅड आणि बदनाम!"

खरं सांगतो, याहून चांगलं उदाहरण त्याला देता आलं नसतं. बदनाममधला 'बद' फारसीतून आलेला, अर्थ वाईट. इंग्रजी 'बॅड'चाही अर्थ वाईट. उच्चार जवळपास तोच. आणि तरीही या दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. दोन्ही शब्द मागे मागे नेत गेलं की त्यांचे रस्ते वेगळ्या गावाला जातात. तसंच 'गिर्नोस' ऐकून आपल्याला 'गिरणी' आठवते, पण संस्कृतात त्या रूपाचा जात्याचा शब्दच नाही, मग मधला जिना कुठून आणायचा? शब्द सारखे दिसणं हा पुरावा नाही. पुरावा असतो तो शब्द *नियमाने वेगळे* असण्याचा. एकदा घडलं तर योगायोग. प्रत्येक वेळी तेच आणि तसंच घडलं तर नियम. आपण प्रॅक्टिकलला रीडिंग तीनदा का घेतो? (तीनदा घेतो असं गृहीत धरलंय.)

तर घ्या तीन रीडिंग. पहिलं : क्वर्न, *झिर्नी, ब्रो. दुसरं : संस्कृत 'जीव'. लिथुआनियनमध्ये जिवंत म्हणजे 'गीवस', रशियनमध्ये 'झीव', जुन्या आयरिशमध्ये 'बेओ', आणि इंग्रजीत 'क्विक', ज्याचा मूळ अर्थ भरभर नव्हता, जिवंत असा होता. तिसरं : बाई. वैदिक 'जनि', रशियन 'झेना', जुनं आयरिश 'बेन', आणि इंग्रजी 'क्वीन', जी राणी होण्याआधी नुसती बाईच होती. जिथे इंग्रजीत क्व, तिथे स्लाव्हिकमध्ये झ आणि आयरिशमध्ये ब. तिन्ही वेळा. या सर्वांच्या मुळाशी एकच ध्वनी मानावा लागतो, ओठांचा गोल करून म्हटलेला ग, म्हणजे 'ग्व' सारखा. जर्मानिक भाषांनी त्याचा क्व केला; हा मोठा नियम रासमुस रास्क यांनी १८१८ मध्ये आणि याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये मांडला. हो, परीकथावाले ग्रिम, तेच. आयर्लंडकडच्यांनी ओठ राखले आणि ब केला. स्लावांनी ओठ सोडले, साधा ग ठेवला, आणि मग त्या गच्या पुढे इ किंवा ए आला की त्याचा झ केला.

हा 'किंवा' महत्त्वाचा, कारण त्यामुळे भाकीत करता येतं. पुढे इ-ए नसेल तर स्लाव्हिकमध्ये ग तसाच राहायला हवा. चौथं रीडिंग घ्या : गाय. संस्कृत 'गो', जुनं आयरिश 'बो', इंग्रजी 'काऊ'. पुढे ओ आहे, म्हणजे रशियनमध्ये ग हवा. आहे! गोमांसाला रशियनमध्ये 'गव्यादिना' म्हणतात (आणि लिहिताना सरळ 'गो' लिहितात). जात्याच्या शब्दात मात्र ग आणि र यांच्या मध्ये स्लावांच्या पूर्वजांनी एक इ घेतला, लिथुआनियन 'गिर्नोस'मध्ये तो आजही ढळढळीत आहे, आणि त्या इमुळे गचा झ झाला. संस्कृतच्या ग्रावन् मध्ये ग च्या पुढे थेट र, म्हणून ग शाबूत.

आमचा पार्टनर इथे खुलला. "म्हणजे सगळं संस्कृतमधूनच गेलं ना तिकडे! मी तर आधीपासून म्हणतोय." त्याच्या मोबाईलवर या विषयावरचे भरपूर फॉरवर्ड असतात, आणि गणपतीत तर त्यांना पूर येतो. अभिमान मलाही आहे. पण हा दावा टिकत नाही, आणि का टिकत नाही हे इंजिनिअरिंगवाल्याला दोन मिनिटांत कळावं.

संस्कृतमध्ये जीव आणि जानाति (म्हणजे आपलं 'जाणणे') या दोन्ही शब्दांच्या सुरुवातीला ज आहे. लिथुआनियनमध्ये पहिला 'गीवस', दुसरा 'झिनोती'. एकात ग, दुसऱ्यात झ. इंग्रजीत पहिला 'क्विक', दुसरा 'नो', ज्याच्या स्पेलिंगमधला मुका क पूर्वी चक्क उच्चारला जायचा. म्हणजे मुळात दोन वेगळे ध्वनी होते. संस्कृतनं त्यांना या जागी एकाच ज मध्ये मिसळलं, लिथुआनियननं ते वेगळे ठेवले. आता लिथुआनियन जर संस्कृतची मुलगी असेल, तर तिला कसं कळलं की या ज चा ग करायचा आणि त्या ज चा झ? मेनी-टू-वन मॅपिंगला इन्व्हर्स नसतो. मिसळलेली माहिती परत वेगळी होत नाही. म्हणून संस्कृत ही या भाषांची आई नाही, बहीण आहे. फार जुनी, फार जपलेली, पण बहीण. विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याच्या भाषणात हेच सुचवलं होतं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या तिघींचा उगम एकच असावा आणि तो कदाचित आता उरलेला नसावा. पार्टनर दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. फॉरवर्ड मात्र येतच राहिले.

त्याला जिंकून घेतलं ते सासूनं.

दहावीला स्कोरिंग म्हणून संस्कृत घेतलेल्यांना 'वधू' शब्द चालवलेला आठवत असेल. वधूः, वध्वौ, वध्वः. शेवटच्या ऊ चा पुढे स्वर आला की व होतो. श्वश्रू म्हणजे सासू, तीही अशीच चालते. भ्रू म्हणजे भुवई, तिचाही शेवट ऊच. आता आद्य-स्लाव्हिककडे या. जुन्या ऊ चा तिथे तो घशातला मधला स्वर झाला आणि पुढे प्रत्यय लागला की तिथेही त्याचा व होतो. सासू *स्वेक्री, सासूचा *स्वेक्रवे. भुवई *ब्री, भुवईचा *ब्रवे. आणि जातं *झिर्नी, जात्याचा *झिर्नवे. तीनही शब्द एकाच वर्गातले, एकाच पद्धतीनं चालणारे! पुढे रशियननं ही विभक्ती मोडून टाकली, पण शेपूट राहिलं. सासू 'स्व्येक्रोव', भुवई 'ब्रोव', जातं 'झ्योर्नव'. शेवटचा तो ओव-अव म्हणजे त्या जुन्या ऊ चाच अवशेष. याच वर्गात 'ल्युबोव' म्हणजे प्रेम आहे, आणि उशिरा अ‍ॅडमिशन घेतलेलं 'मर्कोव' म्हणजे गाजरही आहे. (स्वेक्रीमधल्या क चा नियमाप्रमाणे स व्हायला हवा होता. नाही झाला. सासू आहे, नियम पाळेलच असं नाही.)

स्व्येक्रोव ही कुठलीही सासू नव्हे बरं का. ती नवऱ्याची आई, म्हणजे सुनेची सासू. बायकोच्या आईला रशियनमध्ये वेगळा शब्द आहे. आपल्याकडे जात्यावर बसलेल्या सुनेच्या ओवीत सासू येते, तिकडे दोघी व्याकरणाच्या एकाच बाकावर बसलेल्या. व्याकरणाचा हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण पार्टनरनं हे लगेच घरी फोन करून आईला सांगितलं, आणि त्याची आई म्हणे बराच वेळ हसत होती.

आता वस्तूबद्दल, कारण शब्द पाठ झाला तरी वस्तू हातात यायला हवी. आपण जातं म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे दोन गोल तळ्या आणि खुंटा येतो. पण हा शब्द जेव्हा जन्माला आला, म्हणजे आजपासून पाच हजारांहून जास्त वर्षांपूर्वी, तेव्हा असं फिरणारं जातं जगात नव्हतंच. ते पश्चिम युरोपात इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकाच्या मध्यावर दिसू लागतं. त्याआधी होता तो आपल्या पाट्या-वरवंट्यासारखा प्रकार : खाली खोलगट दगड, वर हातात धरून पुढे-मागे रगडायचा दगड. म्हणजे *झिर्नीचा पूर्वज शब्द पाट्याचा होता. यंत्र बदललं, रेसिप्रोकेटिंगचं रोटरी झालं, नाव तेच राहिलं. पोलिश झार्ना आणि लिथुआनियन गिर्नोस ही दोन्ही रूपं नेहमी अनेकवचनी वापरतात, कारण एका दगडानं दळण होत नाही.

त्या पाट्यावर रोज किती वेळ जायचा याची कल्पना हाडांवरून येते. सीरियातल्या अबू हुरैरा या नवाश्मयुगीन गावातल्या सांगाड्यांचा थेया मॉलसन यांनी अभ्यास केला. त्यातल्या बायकांच्या पायाचे अंगठे, गुडघे आणि पाठीचे मणके झिजलेले, दबलेले आढळले. गुडघ्यांवर बसून, पायाची बोटं दुमडून, पूर्ण अंगाचा जोर लावून तासन् तास दळल्याची ती खूण.

दगड जड असायचा, आणि हा शब्दही 'जड' या अर्थाच्या मुळापासून निघाला असावा असं अनेक अभ्यासक मानतात. तेच मूळ संस्कृत 'गुरु'चं, लॅटिन 'ग्राविस'चं आणि ग्रीक 'बारूस'चं. म्हणजे ग्रॅव्हिटी, बॅरोमीटर आणि गुरुत्वाकर्षण हे तिन्ही एकाच घरचे (ग्रीकमधला तो ब पाहिलात ना?), आणि त्याच घराच्या मागच्या पडवीत जातं.

मग संस्कृतमध्ये ग्रावन् घरातून गेला कुठे? तो मोठा झाला! ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात ग्राव्यांना उद्देशून अख्खी सूक्तं आहेत, आणि सोमयागात त्यांची स्तुती करायला ग्रावस्तुत् नावाचा वेगळा ऋत्विज असतो. धान्य दळायच्या दगडांना मात्र दृषद् आणि उपला अशी वेगळी नावं. नवव्या मंडलात एक कवी आपल्या घराची ओळख करून देतो : मी कवी, बाप वैद्य, आणि आई दगडांनी दळणारी. तिच्या दगडाची स्तुती करायला कुणी ऋत्विज नेमलेला नव्हता. दळताना आपलं आपणच गायचं, ही रीत बहुतेक त्यातूनच पडली असावी, हा माझा अंदाज. लिथुआनियात गिर्नोसवर बायकांनी गायच्या गाण्यांचा स्वतंत्र प्रकार आहे. पहाटेच्या अंधारात, एकटीनं, संथ लयीत, आणि विषय काय, तर सासरचं दुःख आणि पोरकेपण. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमा केल्या. हातजातं गेलं तशी दोन्हीकडची गाणी जात्यावरून उठली.

स्लावांच्या स्वयंपाकघरातली सगळी भांडीकुंडी काही अशी वडिलोपार्जित नाहीत. कढईसारख्या मोठ्या भांड्याला रशियनमध्ये 'कत्योल' म्हणतात, तो शब्द लॅटिनहून गॉथ लोकांमार्फत आला. थाळीला 'ब्ल्यूदो', तोही गॉथिक, आणि गॉथिकमध्ये त्याचा अर्थ टेबल! पाण्यावर चालणारी चक्की आली ती 'म्लिन' हे लॅटिन-जर्मन नाव बरोबर घेऊन. नवं मशीन, नवं नाव. पण घरातलं, बायकांच्या हातातलं *झिर्नी कुणाकडून घ्यावं लागलं नाही. चेक प्रजासत्ताकात एल्ब नदीकाठी वेल्के झेर्नोसेकी नावाचं गाव आहे. नावाचा अर्थ जाती घडवणारे, आपल्या भाषेत पाथरवट. अख्ख्या गावाचा धंदा नावात उतरलाय.

दगडाचं नाव मराठीपर्यंत आलं नाही, पण पिठाचं आलं. संस्कृत पिष् म्हणजे चुरडणे, त्याचं पिष्ट, त्याचं मराठीत पीठ. याच मुळापासून स्लावांनी रशियन 'पशेनो' म्हणजे सालं काढलेलं बारीक भरडधान्य आणि 'पशेनीत्सा' म्हणजे गहू हे शब्द केले. आपण चुरडल्यावर नाव दिलं, त्यांनी चुरडायच्या मालाला दिलं. मेसच्या चपातीत दोन्ही असतात असं म्हणतात.

आणि आपलं जातं? त्याचा *झिर्नीशी काहीच संबंध नाही. जातं आलं 'यंत्र' या शब्दापासून. संस्कृत यंत्र, प्राकृत जंत, मराठी जातं. माझी आजी पहाटे चारला उठून बसायची ते यंत्रावर, आणि तिच्या उजव्या तळहाताला शेवटपर्यंत खुंट्याचा घट्टा होता. यंत्र अभियांत्रिकी विभागाच्या पाटीवर जो शब्द ऑइलपेंटनं रंगवलाय, तो तिच्याकडे घासून गुळगुळीत होऊन पोचला होता. आपण संस्कृतातून तो कोरा करकरीत परत आणला आणि लेथ मशीनला दिला.

जात्याच्या जागी आता मिक्सर आहे. त्याचं मूळही शोधलं. लॅटिन 'मिस्केरे', संस्कृत 'मिश्र', आणि रशियनमध्ये 'मेसित', ज्याचा अर्थ कणीक मळणे.